ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे

अमेरिकेतून कायमचे भारतात परतायचे ठरले की ग्रीन कार्डधारकापुढे पासपोर्टचा प्रश्न उभा राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण ५ वर्षांनी अमेरिकी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. यावर जाणत्यांचा सल्ला ठरलेला असतो : आधी अमेरिकी पासपोर्ट खिशात घाला, मग विमानात बसा, भारतात ओसीआय कार्ड मिळतेच, एक मतदान सोडले तर गमावण्यासारखे काही नाही. सल्ला सोयीचा आहे, पण त्याचा शेवटचा भाग धादांत खोटा आहे.

राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. दुहेरी नागरिकत्वाची मागणी जुनीच. अनिवासींच्या मेळाव्यात ती टाळ्या घेते आणि जेवणाच्या सुट्टीत विसरली जाते. तिच्याऐवजी पदरात पडले ते ओसीआय : आजन्म व्हिसा आणि वर काही सवलती. या सवलती अधिसूचनेने मिळतात आणि अधिसूचनेनेच आकसतात. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने कार्डधारकाला पत्रकारिता, संशोधन आणि गिर्यारोहणासाठी खास परवानगी घ्यायला लावली. नागरिकाला असली परवानगी मागावी लागत नाही.

खरी गंमत शेतजमिनीची. गावाकडे उतारवय काढण्याचे स्वप्न बहुतेक परतणाऱ्यांच्या मनात असते. वडिलोपार्जित चार एकर वारसाने कार्डधारकाच्या नावावर होऊ शकतात, सातबाऱ्यावर नावही लागते. पण बांधाला लागून असलेले भावकीतले दहा गुंठे विक्रीला निघाले, तर त्याला ते विकत घेता येत नाहीत. फार्महाऊसही घेता येत नाही. हाच माणूस भारतीय पासपोर्टवर परतून इथला रहिवासी झाला असता, तर त्याच सातबाऱ्याच्या आधारे शेतकरी म्हणून तो व्यवहार करू शकला असता. ‘एक मतदान सोडले तर’ म्हणणाऱ्यांनी बहुधा तलाठी कार्यालयाची पायरी कधी चढलेली नसावी.

सरपंचकीला उभे राहता येत नाही, हे वेगळेच. शिवाय अमेरिकी नागरिक पुण्यात राहिला तरी अमेरिकेत विवरणपत्र भरायचे चुकत नाही; परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरांवर गेली की ती कळवावी लागते, आणि भारतीय म्युच्युअल फंडांचा अमेरिकी हिशेब भल्याभल्या सीएंना घाम फोडतो.

सल्लागारांचा एक मुद्दा मात्र पक्का आहे : वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते, पासपोर्ट येत नाही. त्यावर रीएन्ट्री परमिट आहे. ते सहसा २ वर्षांपर्यंत मिळते आणि मन ठरवायला तेवढा अवधी पुरावा. अमेरिकेत जन्मलेली मुले बहुतेक नागरिक असतातच. २१ वर्षांची झाल्यावर ती आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतात.

तेव्हा परतणे पक्के असेल त्याने भारतीय पासपोर्टवरच परतावे. ज्यांची मुले-नातवंडे तिकडेच राहणार आणि ज्यांना सतत ये-जा करायची आहे, त्यांनी दुसरा पासपोर्ट खुशाल घ्यावा. पण काही गमावले नाही, असे सांगत फिरू नये. पुन्हा भारतीय होण्याची वाट कायद्यात आहे : ओसीआय नोंदणीला ५ वर्षे, अर्जापूर्वी १२ महिने भारतात वास्तव्य आणि अमेरिकी नागरिकत्वाचा त्याग.