बिऱ्हाड हलले की हक्क का सुटतो?




‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेचे गोडवे गाणारा मजकूर अधूनमधून वाचनात येतो. ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा या दोन जोड्यांपासून तिची सुरुवात झाली आणि जून २०२२मध्ये आसाम आल्यावर सगळा देश तिच्यात आला. सोय चांगलीच आहे. ऊसतोडीला गेलेले बीडचे जोडपे कारखान्याच्या गावी अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलते आणि मागे राहिलेली म्हातारी गावच्या दुकानातून आपले. पण ही सोय चार-सहा महिन्यांनी परत येणाऱ्याची आहे. ज्याचे बिऱ्हाड कायमचे हलले, त्याच्या वाट्याला काय येते, याबद्दल कोणी लिहीत नाही. तहसील कार्यालयात आधी पुरवठा विभागात आणि नंतर संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर काम करून मी निवृत्त झालो, म्हणून हा पत्रप्रपंच.

कोणी म्हणेल, अंगठ्यावर धान्य मिळते तर कार्ड हलवायचेच कशाला? राहू दे गावाकडेच. काही दिवस तसे चालते. मग घरात सून येते, मूल होते. नावे वाढवायची तर कार्ड ज्या तहसीलचे, तिथूनच काम व्हावे लागते. एक दिवसाचा रोज बुडवून, एसटीचे भाडे खर्चून माणूस येतो, तर साहेब दौऱ्यावर. शेवटी तो वैतागून गावचे नाव कमी करतो, तसा दाखला घेतो आणि शहरातल्या परिमंडळ कार्यालयात जाऊन उभा राहतो. तिथे त्याला उत्तर मिळते, ‘इष्टांक शिल्लक नाही.’

हा इष्टांक काय, ते वाचकांना सांगायला हवे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रातल्या ७ कोटी १६ हजार लोकांना धान्य द्यायचे ठरले. त्यात ग्रामीण लोकसंख्येचे ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येचे ४५.३४ टक्के लोक बसवले, तेही २०११ची जनगणना धरून. मग तोच आकडा जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटून दिला; ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला आकडा म्हणजे इष्टांक. म्हणजे गावात चारांतल्या तिघांना जागा आहे आणि शहरात निम्म्यांनाही नाही. गावात प्राधान्य कुटुंबात, म्हणजे या धान्याच्या यादीत, असलेला माणूस पिंपरीला किंवा अंबडला आला की लांब रांगेच्या शेपटाला जाऊन लागतो. हाती केशरी कार्ड असते, पण धान्य नसते. गावात त्याने मोकळी केलेली जागा मात्र लगेच दुसऱ्याला मिळते. त्या दुसऱ्यावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहेच. पण राज्याचा ७ कोटींचा आकडा तसाच राहिला, माणूस तसाच गरीब राहिला, फक्त टेम्पोत भांडी भरून शंभर कोस पुढे आला, एवढ्यावरून त्याचा दरमाणशी पाच किलोंचा हक्क का जावा?

उत्पन्न वाढले असेल तर हक्क जावा, हे मला मान्य आहे. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार आहे. फरक महिन्याला साडेबाराशे रुपयांचा. एवढ्यात शहरात खोली सोडा, कॉटसुद्धा मिळायची मारामार, आणि दाखल्यावर मिळकत मोजताना भाडे कोणी वजा करत नाही. तरीही तो वाद बाजूला ठेवू. मी बोलतो आहे ते या मर्यादेच्या आत असलेल्या माणसाबद्दल, जो निव्वळ पत्ता बदलल्यामुळे बाहेर पडतो.

निराधार योजनेची गत याहून वाईट. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांत आता दिव्यांग सोडून इतरांना महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अट काय, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. या आकड्यात महाराष्ट्रातले कोणते कुटुंब जगते, ते शासनानेच एकदा दाखवून द्यावे. प्रकरण तालुक्याच्या समितीपुढे मंजूर होते आणि फाइल तहसीलच्या कपाटात राहते. दरवर्षी हयातीची तपासणी असते. आमच्या ओळखीतल्या एका विधवा बाईंना, गावचे घर पडल्यावर, भाऊ पुण्याच्या उपनगरात घेऊन आला. पुढच्या तपासणीत तलाठ्याने यादीवर शेरा मारला, ‘गावी राहत नाही.’ अनुदान बंद. नव्या तालुक्यात सांगितले, नवीन अर्ज करा. त्यासाठी तिथल्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. दाखल्याला रहिवासाचा पुरावा हवा. भाऊ राहतो भाड्याने, करार अकरा महिन्यांचा, आणि घरमालक करारात बाईंचे नाव घालायला तयार नाही. प्रकरण समितीपुढे जाईपर्यंत करार संपला आणि बिऱ्हाड पलीकडच्या गल्लीत गेले. पुन्हा पत्ता बदलला.

तलाठ्याला मी दोष देत नाही. यादीतले माणूस गावात सापडले नाही आणि त्याने तसे लिहिले नाही, तर उद्या मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातात. असे प्रकार झालेले आहेत. पण ‘मयत’ आणि ‘स्थलांतरित’ या दोन शेऱ्यांचा परिणाम एकच व्हावा, हे कोणत्या न्यायात बसते?

दुबार लाभाची भीती घालून कोणी हे समर्थनीय ठरवू नये. निराधारचे पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात आणि धान्य अंगठ्यावर मिळते. एकच माणूस दोन तालुक्यांत लाभ घेईल तर यंत्रालाच ते कळेल. याच राज्यात जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजना चालू आहे. रक्कम तीच, दीड हजार. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. त्या योजनेतल्या बहिणीने सोलापूरहून ठाण्याला बिऱ्हाड नेले, तरी पैसे खात्यात येतच राहतात, कोणी तलाठी ती गावात राहते का हे पाहायला जात नाही. अडीच लाखवालीवर विश्वास आणि एकवीस हजारवालीच्या दाराशी पंचनामा, हा उलटा हिशेब झाला.

माझ्या मागणीला एकही नवा पैसा लागत नाही. राज्यातल्या राज्यात प्राधान्य किंवा अंत्योदय कार्ड हलले, तर इष्टांकातली जागाही त्याच्याबरोबर हलावी. जुन्या तालुक्यातून वजा, नव्यात जमा. शहरात आधीपासून रांगेत असलेल्यांवर यात अन्याय नाही, कारण येणारा त्यांची जागा घेत नाही, स्वतःची घेऊन येतो. त्यांची रांग का हलत नाही, याचे उत्तर २०११च्या आकड्यांत आहे. २०२१ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ची म्हणून होणार. तोवर शहरे दुप्पट झाली तरी कोटा तोच.

निराधारच्या बाबतीत नवा अर्ज ही भानगडच नको. लाभार्थ्याने नव्या तहसीलला एक साधा अर्ज द्यावा, जुनी फाइल मागवून घेणे हे त्या कार्यालयाचे काम. एका तहसीलदाराने दुसऱ्याला पत्र लिहायला काही अडचण नसते. मी अशी कितीतरी पत्रे तयार केली आहेत, फक्त ती गौण खनिजाच्या वसुलीची असत. आणि नव्या ठिकाणी पहिला हप्ता जमा होईपर्यंत जुन्या ठिकाणचा बंद करू नये, एवढे एक वाक्य शासन निर्णयात स्पष्ट शब्दांत हवे. ते नसेल तर खालचा कारकून आधी बंद करतो आणि मग मार्गदर्शन मागवतो.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून