कॉफी, क्रीमर आणि चिमूटभर जायफळ

आज जरा घरगुती विषय. गेले दोन-तीन महिने आमच्या नेरूळच्या घरी कॉफीवर प्रयोग चालू आहेत. ऑनसाईटहून परतणारे मित्र हल्ली चॉकलेटांच्या जोडीला फ्लेवर्ड क्रीमरचे डबे आणतात. हेझलनट, फ्रेंच व्हॅनिला, आयरिश क्रीम... नावं वाचूनच आपण सिॲटलमध्ये बसलोय असं वाटायला लागतं. खिडकीतून मात्र पाम बीच रोडचा ट्रॅफिकच दिसतो. असो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे चहावाले वेळीच सुटतील :) क्रीमर चवीला वाईट नाही. हेझलनटचा वास तर झकासच. पण ती रोज दुधाच्या जागी घालायची वस्तू नाही, आणि ज्या घरात कुणाला डायबिटीस आहे तिथे तर नाहीच नाही. शिवाय ज्या कारणासाठी आपण तो डबा उघडतो, त्याची सोय मराठी घरात आधीपासून आहे. डब्यातल्या डबीत, वेलदोड्यांच्या शेजारी.

आधी क्रीमर म्हणजे काय ते बघू. नावात क्रीम असलं तरी आत साय वगैरे काही नसतं. साधारण फॉर्म्युला असा: वनस्पती तेल (नारळाचं, पामचं किंवा सोयाबीनचं), साखर, मक्याच्या स्टार्चपासून केलेलं सिरप वाळवून त्याची पावडर, सोडियम केसिनेट, फॉस्फेटचा एखादा क्षार आणि वास. तेल आणि पाण्याची मुळात दोस्ती नाही, ती केसिनेट जमवून देतं. कॉफी आंबट असते, त्यात घातलेलं काही फाटू नये म्हणून फॉस्फेट. इंजिनिअर म्हणून सांगतो, डिझाईन सुंदर आहे! फ्रीज नको, तापवणं नको, साय येत नाही, महिनोन्‌महिने टिकतं. १९६१ साली कार्नेशन कंपनीने अमेरिकेत कॉफी-मेट आणली ती याच जोरावर (ही कंपनी १९८५ मध्ये नेस्लेकडे गेली). गंमत म्हणजे डब्यावर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असतं आणि सोडियम केसिनेट हे दुधातल्याच प्रथिनापासून बनतं. तेव्हा दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी त्या शब्दावर विसंबू नये. ज्यांना दूध पचत नाही, लॅक्टोजचा त्रास आहे, त्यांना मात्र क्रीमर खरंच उपयोगी पडू शकतो. हे मान्य करायलाच हवं.

इथे एक गल्लत बऱ्याच जणांची होते. आपल्याकडचा अमूल्यासारखा डेअरी व्हाइटनर आणि हा क्रीमर एक नव्हेत. व्हाइटनर म्हणजे मुळात दुधाची पावडर आणि साखर. क्रीमर म्हणजे तेलाचं दूध. दोन्ही पांढरे, दोन्ही चमच्याने घालायचे, म्हणून आपण एकाच खणात ठेवतो.

आता मुद्द्याचं. आमच्या बाबांना डायबिटीस आहे. कॉफीत साखर घेणं त्यांनी केव्हाच सोडलं. डबा घरात आला तेव्हा ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बघ, यात साखर घालावीच लागत नाही, अशीच छान लागते!" छान लागणारच. डबा फिरवून मागची यादी वाचली तर पहिलंच नाव साखरेचं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असते, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त काय आहे ते कळलंच. अमेरिकेत बाटलीतून मिळणाऱ्या पातळ फ्लेवर्ड क्रीमरचा हिशेब करा. एक सर्व्हिंग म्हणजे एक टेबलस्पून, १५ मिली, आणि त्यात साधारण ५ ग्राम साखर. एक चहाचा चमचा साखर ४ ग्रामची. पण १५ मिली मोजून कोण ओततं? कॉफीचा रंग मनासारखा होईपर्यंत ओततात. दोन टेबलस्पून, दिवसातून दोनदा, म्हणजे झाले पाच चमचे. आणि वर माणूस डॉक्टरांना शपथेवर सांगणार, मी कॉफीत साखर घेत नाही.

बिनफ्लेवरच्या पावडरीवर तर साखर शून्य लिहिलेली असते. तिथे सर्व्हिंग एका चहाच्या चमच्याचं, आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सर्व्हिंगमागे अर्ध्या ग्रामपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येतं. आम्ही प्रोजेक्टमध्ये असं राउंडिंग केलं असतं तर टेस्टिंगवाल्यांनी पहिल्याच दिवशी बग टाकला असता. त्यातून मक्याचं सिरप रक्तात जाऊन ग्लुकोजच होतं, त्याला लेबलावर कुठल्या नावाने हाक मारली आहे याच्याशी शरीराला घेणंदेणं नाही.

माझा खरा आक्षेप त्या डब्याच्या रचनेला आहे. गोडी, स्निग्धता आणि वास या तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिन्ही एकाच चमच्याला बांधलेल्या. वास जास्त हवा? मग साखरही जास्त घ्या. साखर कमी हवी? मग वासही गेला. आमच्या भाषेत याला टाईट कपलिंग म्हणतात, आणि ज्याने असला कोड मेंटेन केलाय त्याला पुढचं सांगायला नको. (हे पाप एकट्या अमेरिकेचं नाही हं. आपल्याकडेही पूर्वी कॉफीच्या वड्या मिळायच्या. कॉफी, चिकोरी, साखर सगळं एकत्र दाबलेलं, गरम दुधात टाकली की झालं. आणि पोल्सन हे नाव लोण्यामुळे लक्षात राहिलं असलं तरी पेस्तनजी एडलजींचा धंदा मुंबईत सुरू झाला तो कॉफीपासून!)

आता आमच्या मातोश्रींची कॉफी बघा. दूध पिशवीतलं. टोन्ड हवं तर ३ टक्के फॅट, फुल क्रीम हवं तर ६, निवड आपली. साखर ज्याची त्याने घालायची. आणि वासाला जायफळ, किसणीवर दोन-तीनदा फिरवलं की पुरे. तीन बटणं, तिन्ही स्वतंत्र. जायफळातून साखर येत नाही, आणि चिमटीतून कॅलरी मोजण्याइतक्याही येत नाहीत.

याच्यावरही अस्मादिकांनी प्रयोग केले. तयार जायफळ पावडर आणू नका, तिच्यातलं उडणारं तेल लवकर उडून जातं आणि भुसा उरतो. अख्खं जायफळ घ्या. तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटपर्यंत जायचीही गरज नाही, कुठल्याही वाण्याकडे मिळतं. एक जायफळ साधारण पाच ग्रामचं, चिमूट-चिमूट वापरलं तर कित्येक महिने जातं. दुधाबरोबर उकळलं तर चव मुरते, गॅस बंद करून वरून किसलं तर वास जास्त येतो. बिनदुधाच्या कॉफीत मात्र मजा नाही. हा वास तेलात विरघळणारा, त्याला दुधातला स्निग्धांश लागतो. आणि कृपया, चिमूटच! अख्खं जायफळ पोटात गेलं तर उलट्या, धडधड, भ्रम असं काहीही होऊ शकतं, हा विनोद नाही.

बरं, जायफळाला 'आजीबाईचा बटवा' म्हणून हसण्यात अर्थ नाही. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी जायफळाच्या रन नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क डचांना सोडला, आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहिलं. म्हणजे माझा मित्र ज्या न्यूयॉर्कहून हेझलनटचा डबा घेऊन आला, त्या शहराच्या सौद्यात पलीकडच्या पारड्यात जायफळ होतं! आणि आज ते आपल्या कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढली आहे.

ज्यांना जायफळच नको त्यांच्यासाठी: कोजागिरीचा उरलेला दुधाचा मसाला कॉफीत घालून बघा. केशर वाया जातं, कॉफीपुढे त्याचा निभाव लागत नाही. बदाम-पिस्त्याची पूड तळाशी बसते, शेवटचा घोट चावून खावा लागतो. वेलदोडा मात्र मस्त.

डबा फेकलेला नाही. पाहुणे आले की निघतो, मिठाईच्या मापाने. मला स्वतःला रविवारी दुपारी एक चमचा चालतो, शुगर नॉर्मल आहे तोवर. बाबांच्या कपात आता दूध, कॉफी आणि जायफळ, बस्स. मागच्या आठवड्यात त्यांनी "निदान अर्धा चमचा तरी साखर" असा अर्ज केला होता. आईने तो कारण न देता फेटाळला.