कपाटातला ड्रायव्हर

वडापावच्या गाडीवर क्यूआर कोडशेजारी ठेवलेला डबा 'वीस रुपये मिळाले' असे बोलतो, तेव्हा गाडीवाला कढईवरून मानही वर करत नाही. त्या आवाजावर त्याचा व्यवहार चालतो. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसणाऱ्या प्रत्येक नव्या एटीएमला बोलण्याची सोय सक्तीची केली, ती दृष्टिहीनांना कुणाच्या मदतीविना पैसे काढता यावेत म्हणून. लिफ्टमध्ये, बसमध्ये, रुग्णालयातल्या मॉनिटरमध्ये आवाज हा शोभेचा भाग उरलेला नाही. त्यावाचून काम अडते. हा आवाज ज्याच्या जोरावर निघतो तो ऑडिओ ड्रायव्हर म्हणजे प्रोसेसर आणि ध्वनीची चिप यांच्यामधला दुभाषा, अनेकदा काही शे ओळींचाच प्रोग्रॅम. पण तो पुष्कळदा लिहिणाऱ्या कंपनीच्या कपाटातच राहतो. सार्वजनिक पैशातून विकत घेतलेल्या बोर्डाचा ड्रायव्हर खुला असला पाहिजे आणि बोर्ड लिनक्सवर चालत असेल तर तो लिनक्सच्या मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मूळ प्रतीत, दाखल झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या काही शे ओळींत असते तरी काय? प्रोसेसर आणि ध्वनीची चिप, म्हणजे कोडेक, यांच्यात आवाज बहुधा फिलिप्सने १९८६ मध्ये आखून दिलेल्या आय-टू-एस पद्धतीने वाहतो. एक तार प्रत्येक बिटला ठोका देते, दुसरी डावा कान की उजवा ते सांगते, तिसरीवरून प्रत्यक्ष आकडे जातात. शिवाय कोडेकला बहुतेक वेळा एक मूळ घड्याळही लागते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या आवाजासाठी ते साधारणतः १२.२८८ मेगाहर्ट्झचे असते, सीडीच्या ४४,१०० नमुन्यांसाठी ११.२८९६ चे, दोन्ही त्या त्या संख्येच्या २५६ पट. समजा, बोर्डावर पहिल्या मापाचा क्रिस्टल आहे आणि ड्रायव्हर तो दुसऱ्या मापाचा समजून सीडीचे गाणे वाजवतो आहे. आवाज स्वच्छ येतो, कुठे फाटत नाही, तपासणारा 'ओके' म्हणून पुढे सरकतो. पण पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसलेले असते. पेटीवर त्याला पट्टीच सापडत नाही. कोडेकचे माहितीपत्रक कितीही वाचले तरी ही चूक हाती लागायची नाही. क्रिस्टल कोणता, ॲम्प्लिफायर कोणत्या पिनने जागा होतो, तो जागा होताना स्पीकरमधून 'टप्प' असा दणका येऊ नये म्हणून किती मिलिसेकंद थांबायचे, हे सगळे त्या एका बोर्डापुरते ज्ञान आहे. सर्किटच्या आराखड्यात ते अर्धे असते, उरलेले ड्रायव्हरमध्ये.

वुल्फसन या एडिंबरातल्या कंपनीचा डब्ल्यूएम ८७३१ हा कोडेक घ्या. लिनक्समध्ये एके काळी त्याचे चार निरनिराळे ड्रायव्हर होते, कारण प्रोसेसरची कुळे चार होती. चिप तीच, रजिस्टरही तीच आणि मेहनत चौपट. २००७ मध्ये एएसओसी ही चौकट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आली आणि तिने कामाचे तीन वाटे केले: कोडेकचा, प्रोसेसरचा आणि बोर्डाचा. कोडेकचा ड्रायव्हर एकदाच लिहायचा. नवा बोर्ड बनवणाऱ्याने फक्त आपली जोडणी सांगायची. आज आपल्याकडचा एखादा लहान उद्योग चार महिन्यांत बोलणारे यंत्र उभे करू शकतो, ते या आयत्या कामाच्या बळावर. पंगतीला बसून जेवायचे आणि वाढायची पाळी आली की हात धुऊन निघून जायचे, हे शोभत नाही. शोभण्या-न शोभण्याचे सोडा, ते परवडतही नाही. कर्नलचे आतले सांधे स्थिर राहतील अशी हमी लिनक्सवाले देत नाहीत, आणि मुद्दामच देत नाहीत. २०१८ मध्ये कोडेकच्या ड्रायव्हरची मूळ रचनाच काढून टाकण्यात आली. रेनेसास या जपानी कंपनीचे कुनिनोरी मोरिमोतो यांनी मुख्य शाखेतले ड्रायव्हर एकामागून एक नव्या रचनेत नेले. मूळ लेखकांना त्यासाठी वेगळा खर्च आला नाही. ज्यांचे ड्रायव्हर कपाटात होते, त्यांचे पुढच्या कर्नलवर कंपाइलच होईनात. असा माणूस जुन्या कर्नलला चिकटून बसतो आणि त्यातली सुरक्षेची जुनी भोकेही सांभाळत बसतो. बसमधल्या यंत्राकडून मात्र आपण दहा-बारा वर्षांच्या सेवेची अपेक्षा धरतो.

यावर पहिली हरकत व्यापारी गुपिताची. ती मला पोकळ वाटते. प्रतिध्वनी काढून टाकण्याचे किंवा गोंगाटातून बोलणे वेगळे करण्याचे गणित खरोखर मोलाचे असते, पण ते ड्रायव्हरच्या बाहेर ठेवता येते. कोणती तार कुठे गेली हे मल्टिमीटर घेऊन बसलेला कुणीही शोधून काढील. आणि लिनक्सचा परवाना, जीपीएल, तयार यंत्राबरोबर कर्नलचा स्रोतही द्यायला सांगतोच. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये सिटेकॉम या कंपनीविरुद्ध या अटी मान्य करून मनाई हुकूम दिला होता. दुसरी हरकत वेळेची, आणि ती खरी आहे. मुख्य शाखेतले परीक्षक खडूस असतात, पाठवलेला बदल, म्हणजे पॅच, तीन-तीनदा परत येतो आणि दोन अभियंत्यांच्या कंपनीला माल पंधरा दिवसांत पोचवायचा असतो. पण साध्या बोर्डासाठी आता सी भाषेत ओळही लिहावी लागत नाही. 'सिंपल ऑडिओ कार्ड' ही सोय वापरून डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, वीस-तीस ओळींत जोडणी सांगितली की भागते. माल आधी पोचवा, पॅच वर्षभरात दाखल करा, अशी मुदत देता येईल. तिसरा मुद्दा असा की प्रत्येक यंत्रात लिनक्स नसते. लहान डब्यांत पुष्कळदा छोटी रिअल-टाइम प्रणाली असते. तिथे मुख्य शाखेचा आग्रह धरणे निरर्थक आहे. खरेदीदाराच्या हाती सर्किटचा आराखडा आणि ड्रायव्हरचा स्रोत पडला तरी पुरे.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण तर २०१५ पासूनचे आहे. या दोहोंना जोडणारे एक कलम निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही. शेवटच्या हप्त्यातले थोडे पैसे ड्रायव्हर दाखल होईपर्यंत राखून ठेवले, की कपाटे आपोआप उघडतील. वुल्फसन कंपनी २०१४ मध्ये सायरस लॉजिकने विकत घेतली. डब्ल्यूएम ८७३१ चा ड्रायव्हर आजही लिनक्सच्या मुख्य शाखेत आहे.