खरी यादी कोणती, हे आधी ठरवा

2025 च्या पावसाळ्यात नांदेड जिल्ह्याने अतिवृष्टीचा तडाखा सोसला, आणि त्यानंतर गावोगावी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचे संयुक्त पंचनामे झाले. पंचनामा शेताच्या बांधावर होतो. खात्यात पैसे मात्र यादीवरून जमा होतात. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र असे रकाने असलेली यादी संगणकावर तयार होते, गावागावांतून तहसीलला येते आणि तिथून शासनाच्या पोर्टलवर चढते. या वाटेवर तिला अनेक हात लागतात. बिलोलीसारख्या तालुक्यात सोयाबीन हातचे गेले की घरची वर्षभराची घडी विस्कटते; तिथे या यादीतला एकही आकडा किरकोळ नसतो. म्हणून माझे म्हणणे असे की, अनेकांनी मिळून भरायच्या फाइलवर काम सुरू होण्याआधी तिची खरी प्रत कोणती आणि तिला जबाबदार कोण, हे लेखी ठरले पाहिजे. हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही.

गोंधळ कसा होतो, ते जवळून पाहू. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा फाइलची एक प्रत इंटरनेटवर आणि एकेक प्रत प्रत्येकाच्या संगणकावर ठेवतात. बदल झाला की सगळ्या प्रती जुळवून घेतात. समजा, रेंज गेलेली असताना एकाने आपल्या लॅपटॉपवर एका गटाचे बाधित क्षेत्र 0.40 हेक्टरवरून 0.80 केले. त्याच वेळी तहसीलमध्ये दुसऱ्याने तीच फाइल उघडून दहा नवी नावे भरली. रेंज आल्यावर एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली समोर येतात. कोणाचेही काम पुसले जाऊ नये म्हणून ड्रॉपबॉक्स एक प्रत मूळ नावाने ठेवते आणि दुसरीच्या नावाला वापरकर्त्याचे किंवा संगणकाचे नाव, तारीख आणि ती विसंगत प्रत असल्याची खूण जोडते. नुकसान होते ते यानंतर. ती दुसरी प्रत कोणी उघडतच नाही. दहा नावांची फाइल पुढे जाते आणि 0.80 मागे राहतो. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची नावे ‘ॲडमिन’ किंवा ‘डेस्कटॉप’ अशीच असली, तर मागे राहिलेली प्रत कोणाची हेही कळत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फाइलचे तर याहून कठीण. मोबाइलवर उतरवून, दुरुस्त करून परत पाठवलेली फाइल मूळ फाइलपासून कायमची तुटते आणि त्याचा इशाराही कोणाला मिळत नाही.

यावर लगेच उत्तर येते की सगळ्यांनी गूगल शीट्ससारख्या ठिकाणी थेट ऑनलाइन काम करावे, म्हणजे प्रतींचा प्रश्नच उरणार नाही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे फाइल एकच असते, कोण कोणत्या ओळीवर काम करतो आहे ते दिसते आणि जुन्या नोंदी इतिहासात सापडतात. पण एकाच चौकटीत दोघांनी दोन आकडे भरले, तर शेवटी भरलेला आकडा राहतो. शेतात प्रत्यक्ष 0.40 बुडाले की 0.80, हे यंत्राला कळण्याची सोय नाही. ते ज्याने बांधावर उभे राहून पाहिले त्यालाच ठाऊक असते. तंत्र दोन प्रतींमधला फरक दाखवते. त्यातली खरी कोणती, हे माणसाने सांगायचे असते.

महसूल खात्याला ही शिस्त नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 नुसार जमिनीच्या हक्कातला बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, क्रमांक पडून नोंदला जातो. संबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत जाते, सुनावणी होते आणि मग सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हाती लिहिलेल्या सातबारावर जुने नाव खोडून नाहीसे करत नसत. त्याला कंस करून फेरफार क्रमांक लिहीत. कोणता बदल, कोणत्या आधारावर, कोणाच्या सहीने झाला, हे त्यामुळे पन्नास वर्षांनीही शोधता येते. आणि ही शिस्त सैल झाली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. संगणकीकरणाच्या काळात हस्तलिखित आणि संगणकीय असे दोन सातबारे शेजारी शेजारी चालले आणि त्यांत नावे, क्षेत्रे जुळेनाशी झाली. 2017 मध्ये त्यासाठी गावोगावी चावडी वाचन घ्यावे लागले. कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घेण्यासाठी शेतकऱ्याला आजही तहसीलचे उंबरठे झिजवावे लागतात. दोन प्रती काही काळ चालू देणे सोपे असते. त्या जुळवणे वर्षानुवर्षे पुरते.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. मांजराकाठच्या गावांत फिरताना रेंजचा भरवसा नसतो. ऑनलाइनच भरा, हा आग्रह तिथे टिकत नाही. पण त्यासाठी सगळ्या तालुक्याची एकच फाइल सगळ्यांच्या हाती देण्याची गरज नाही. सज्जावार फाइल वेगळी केली आणि त्या सज्जाच्या तलाठ्यालाच ती बदलण्याचा अधिकार दिला, तर रेंज नसतानाही दोन हात एका फाइलवर पडत नाहीत. दुसरा आक्षेप भीतीचा आहे: उद्या आकडा चुकला तर खापर आपल्यावर फुटेल, म्हणून जो तो स्वतःची प्रत जपतो. ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय म्हणजे रोज संध्याकाळी तारखेसह न बदलता येणारी प्रत काढून सर्वांना देणे. जपायला ती पुरेशी आहे, आणि तिच्यात कोणी नकळत भर घालू शकत नाही. तिसरा आक्षेप घाईचा: वरून आजच यादी मागितली जाते. पण जुळत नसलेल्या याद्या पुन्हा तपासायला जो वेळ जातो, तोही त्याच मोजक्या माणसांचाच जातो.

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक तहसीलने एका पानाचा आदेश काढावा. सज्जाची फाइल कोणाची, तालुक्याची एकत्रित यादी कोण करणार, बाकीच्यांना ती फक्त पाहता येईल की बदलता येईल, व्हॉट्सॲपवरून आलेला बदल कोण तपासून मूळ यादीत घेणार आणि विसंगत प्रत दिसली तर ती त्याच दिवशी कोण निकाली काढणार, एवढे त्यात असावे. संगणकांना टेबलाची किंवा सज्जाची नावे द्यावीत. आणि पोर्टलवर चढण्याआधी यादी तारखेसह ग्रामपंचायतीत लावून वाचून दाखवावी. यात नव्या यंत्रसामग्रीचा खर्च नाही. हवा आहे तो निर्णय. कारण शेतकऱ्याचा हरकतीचा हक्क या एका गोष्टीवर उभा आहे. यादी एकच आणि ठरलेली असेल, तर तो तिच्यावर बोट ठेवून ‘माझे क्षेत्र कमी लागले’ म्हणू शकतो. चार याद्या फिरत असतील, तर प्रत्येक टेबल त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवू शकते, आणि त्याची हरकत कुठेच दाखल होत नाही.