‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी आली तर



‘प्रवेश नाकारला’ हे शब्द आपल्या घरांत कुणाला नवे नाहीत. १९२७ साली महाडच्या तळ्यावर आणि १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपल्या वाडवडिलांनी ते ऐकले. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’ अशी पाटी आली की कार्यकर्त्याचे डोके आधी तापते. यंदा धारूरला माझेही तापले.

दिवाळी सरली की आपल्या भागातील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्याआधी मुलांच्या शिष्यवृत्तीचे कागद गोळा व्हावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँकखाते. कुणाचे काय राहिले हे घरोघर कळवायचे असते. एका कचेरीत या कामासाठी एका होतकरू मुलाने छोटा प्रोग्राम करून दिला होता. यादी दिली की प्रत्येकाचे पत्र तो आपोआप तयार करून ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवी. दोन दिवसांचे काम घटकाभरात होई. यंदा पहिल्याच पत्राला तो अडला.

कुणी म्हणाले, अँटिव्हायरस बंद करा. कुणी म्हणाले, साहेबांचा पासवर्ड घ्या. दोन्ही गोष्टींना मी नकार दिला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती, त्यात दवाखानेही सुटले नाहीत. आपल्या मुलांचे दाखले ज्या संगणकात आहेत, त्याचा पहारेकरी आपणच हाकलायचा काय? आणि दुसऱ्याच्या पासवर्डने केलेले काम उद्या अंगाशी आले तर साहेब आणि लिपिक दोघेही अडकणार.

मग शोध घेतला. आधी पाटीवरचा मजकूर, फोल्डरच्या नावासह, जसाच्या तसा उतरवून घेतला. नंतर त्याच फोल्डरमध्ये नोटपॅडची एक फाईल हाताने ठेवून पाहिली. ती ठेवता आली. म्हणजे मनाई मला नव्हती, प्रोग्रामला होती. (तीही ठेवता आली नसती, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’त आपल्या नावापुढे लिहिण्याची परवानगी आहे का, हे पाहावे लागले असते.) शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडली. तिथे वेळेसकट नोंद सापडली. वरून आलेल्या नव्या सुरक्षा धोरणाने ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू केले होते. ओळखीच्या प्रोग्रामलाच ते महत्त्वाच्या फोल्डरमध्ये लिहू देते. आमच्या गावठी प्रोग्रामला ते ओळखत नव्हते, एवढेच.

रात्री आपोआप चालणाऱ्या कामांचे आणखी एक दुखणे असते. ते काम बदली झालेल्या लिपिकाच्या खात्यावर लावलेले असते. त्याचे खाते बंद झाले की काम थांबते, आणि महिनाभर कुणाला पत्ता नसतो!

महाडला अर्ज करून पाणी मिळणार नव्हते, कारण तिथला नकार जन्मावर होता. इथला पहारेकरी फक्त ‘तू कोण’ एवढेच विचारतो, आणि त्याला उत्तर देता येते. आम्ही लेखी मागणी केली: हा एकच प्रोग्राम, हा एकच फोल्डर, काम हे. संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी प्रोग्राम तपासला आणि परवानगीच्या यादीत घातला. मात्र नियम लावणाऱ्यांनी मराठीत चार ओळींचे पत्रक आधी पाठवले असते, तर आमचे चार दिवस वाचले असते. हा राग माझा अजून गेलेला नाही.

त्या चार दिवसांत संध्याकाळी विहारात बसून आम्ही पत्रे हाताने लिहिली. बारावीच्या मुली पत्ते घालायला आल्या. एका मुलाचे आईवडील तोवर कारखान्यावर पोहोचले होते, आणि ओटीपी जाणार वडिलांच्या मोबाईलवर. रात्री गाडी भरून झाल्यावर त्यांचा फोन लागला. त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले, अर्ज भरला गेला.