आमचं लेकरू कोणत्या रकान्यात?

मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : घरी शिकणाऱ्या मुलांची शासनदरबारी नोंद होण्याबाबत.

महोदय,

मी नांदेडला राहते, माहेर लातूरचं. माझी दोन्ही लेकरं, मुलगा दहाचा आणि मुलगी सातची, घरीच शिकतात. हे कळलं की समोरच्याच्या मनात दोनपैकी एक गोष्ट येते : घरी पैसा फार झालाय, नाहीतर लेकरात काहीतरी कमी आहे. आमच्याकडे दोन्ही नाही. मुलं शिकताना सोबत असावं असं आम्हा दोघांना वाटलं, घरात माणसंही होती, म्हणून हा मार्ग धरला. शाळेवर राग नाही. माझी सासू जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, आणि आज घरातल्या सगळ्यात कडक मास्तरीणही तीच.

लग्नात, बसमध्ये, दवाखान्यात मुलांना पहिला प्रश्न येतो, "कितवीला?" मुलगा एव्हाना सराईत झालाय. माणूस पाहून कधी चौथी सांगतो, कधी सहावी.

सकाळी गणित आणि मराठी वाचन, कारण उन्हाळ्यात अकरानंतर आमच्याकडे डोकं चालत नाही. मग आजोबांसोबत नवा मोंढा. तिथं क्विंटल, आडत, हमाली यांचा हिशेब कानावर पडतो. बारा टक्क्यांपेक्षा ओलावा जास्त निघाला की हमीभावाच्या केंद्रावरून सोयाबीन परत येतं, हे कळल्यावर पोराला टक्केवारी पुन्हा शिकवावी लागली नाही. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी उपसून वर चढवतात ते पाहून आल्यावर पंपावर आठवडाभर प्रश्न चालले. उत्तरं मला येत नव्हती, शेजारच्या वायरमन काकांना येत होती. शेजारीण देगलूरकडची, त्यामुळे मुलगी तेलुगूत भांडू लागलीये. सगळेच दिवस असे नसतात, हेही लिहिते. पाहुणे आले की अभ्यास बुडतो, सतराचा पाढा वर्षभर अडून बसलाय, आणि दुपारी चारला दोन्ही लेकरं अंगावर आली की समोरच्या गल्लीतली पिवळी स्कूलबस मलाही गोड दिसते.

आता मुद्द्यावर येते. मागे आमच्या भागात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. आलेल्या बाई चांगल्या होत्या, चहा घेतला, मुलीकडून वाचून घेतलं, कौतुक केलं. मग कागद पाहून म्हणाल्या, "ताई, काय लिहू? नाव घातलेलं नाही म्हटल्यावर शाळाबाह्यच लिहावं लागतंय." त्यांचा दोष काहीच नाही. सहा ते चौदा वयाचं जे मूल कुठल्या शाळेत दाखल नाही किंवा महिन्याहून जास्त सलग गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. व्याख्या तुमच्या खात्याची आहे.

ही व्याख्या का लागली, हे मराठवाड्यात राहून मी विसरू शकत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि लेकरंही ट्रॅक्टरवर बसतात. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं, पाहिलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली गेली. पुढं २०२२ च्या जुलैत मिशन झिरो ड्रॉपआऊट आलं. या खटाटोपाचं मोल मोठं आहे. पाचटात खेळणाऱ्या मुलीला शोधत बालरक्षक शिक्षक फडावर जातात, तिच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं, त्यात माझ्या घराचा वेळ कुणी घालवू नये. पण ती मुलगी आणि माझी मुलगी, दोघींची नोंद एकाच रकान्यात झाली तर आकडा दोघींबद्दलही खोटंच सांगतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या दहाव्या कलमाने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलं. घरी शिकवणाऱ्याचा उल्लेख कायद्यात कुठेच नाही, ना परवानगी, ना शिक्षा. म्हणून आम्ही गप्प राहतो. ओळखीतल्या एका कुटुंबाने तर लेकराचं नाव एका शाळेत घालून ठेवलंय. लेकरू घरी, नाव हजेरीपटावर.

आणि इथंच माझ्यातली लातूरकरीण बोलल्याशिवाय राहत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी पोरांकडून रात्रंदिवस घासून घेतलं, त्यातून परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न उभा राहिला. तो कॉलेजात उभा राहिला होता. आज लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी सातला उभं राहून बघा. अकरावी-बारावीची हजारो पोरं पाठीवर सॅक घेऊन क्लासला चाललेली असतात. नांदेडलाही तेच. त्यातल्या कितीतरी जणांचं कॉलेज नावापुरतं असतं, प्रॅक्टिकलच्या वह्यांपुरतं. मेसचा डबेवाला जाणतो, रूमचा मालक जाणतो, तुमचं खातंही जाणतं. नाहीतर २०१८ साली काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती कशाला करावी लागली असती? कागदावर पंचाहत्तर टक्के हजेरी भरते आणि ही पोरं डॉक्टर होतात, चौकात त्यांचे फ्लेक्स लागतात. त्यांना शाळाबाह्य म्हणायची कुणाची छाती नाही, आणि म्हणूही नये. मला कळत नाही ते एवढंच : सतराव्या वर्षी कॉलेजबाहेर शिकणं ही हुशारी आणि सातव्या वर्षी शाळेबाहेर शिकणं ही गळती, हे कोणत्या हिशेबाने?

त्याच २०१८ साली शासनाने महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ काढलं. शाळेत न जाता पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. पाचवीला वय दहा हवं, आठवीला तेरा. दहावी-बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तर आमच्या आजोबांच्याही माहितीतला. म्हणजे शासनाला आमची मुलं परीक्षेच्या दिवशी चालतात, अडचण मधल्या वर्षांची आहे. मुलाच्या पाचवीची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेले, तर तिथल्या साहेबांनी मलाच विचारलं, "असं मंडळ आहे का?"

दाखल्यांचं तर विचारूच नका. आपल्याकडे माणसाचा अर्धा जन्म शाळेच्या निर्गम उताऱ्यात असतो. जात पडताळणीला तो, रहिवासाला तो, बसच्या पासला बोनाफाईड. शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फतच भरायचा. नवोदयला बसायचं तर पाचवीत शिकत असल्याचा शाळेचा शिक्का. पोराला तालुक्याच्या कबड्डीत उतरायचंय, तर कोणत्या शाळेकडून? आमचे शेजारी सरळ सांगतात, "वहिनी, एवढं करण्यापेक्षा नाव घालून टाका की, जायचं कुणी सांगितलंय?" मला हेच करायचं नाही. सातव्या वर्षी मुलीला हजेरीपटावरचं खोटं शिकवायचं आणि मग घरी बसून मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचा?

तेव्हा मागणी अशी. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे घरी शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवा. वर्षातून एकदा केंद्रप्रमुखांनी येऊन मुलांना वाचायला लावावं, गणित घालावं, मुलांशी आमच्या पाठीमागं बोलावं. त्यात मूल मागं पडलेलं दिसलं तर आम्हाला मुदत द्या, तरी सुधारलं नाही तर शाळेत नाव घालायला सांगा. मी स्वतः घेऊन येईन. घरशिक्षणाच्या नावाखाली कुणी पोरीला धुणीभांडी करायला बसवत असेल किंवा तिच्या लग्नाची बोलणी करत असेल, तर ते याच भेटीत उघडं पडेल. म्हणून ही तपासणी मला हवी आहे. घरी शिकवणाऱ्या काही पालकांना ती नको असेल, त्यांच्याशी मी वाद घालीन. त्या नोंदीवर बोनाफाईडसारखा एक दाखला मिळावा, शिष्यवृत्तीला बसू द्यावं, जवळच्या जिल्हा परिषद शाळेची प्रयोगशाळा आणि मैदान वापरू द्यावं. मुक्त मंडळाच्या पाचवी-आठवीचा फॉर्म कुठे भरायचा, याचा कागद प्रत्येक गटसाधन केंद्राच्या भिंतीवर लागावा.

याला नवीन कायदा नको, परिपत्रक पुरे. पुढचं सर्वेक्षण कधीही निघेल. त्या वेळी आलेल्या बाईंच्या हातातल्या कागदावर आणखी एक रकाना असावा.

आपली,
एक पालक, नांदेड