एक लेन्स पुरे

"हातात मोबाईल असताना कॅमेरा कशाला?" हा प्रश्न बाईलाच का विचारतात? घरातल्या पुरुषाचा तो छंद आणि आमची मात्र उधळपट्टी!

माझ्या छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर मी अडॅप्टर लावून सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ बसवते. ५८ मिमी, एफ/२. ऑटोफोकस नाही. फोकसची आणि अ‍ॅपर्चरची कडी हातानेच फिरवायची. एपीएस-सी सेन्सरवर ती ८७ मिमीइतकी जवळचं दाखवते, म्हणून चार पावलं मागं सरावं लागतं. मोबाईल सगळं परस्पर ठरवतो; इथं काय स्पष्ट आणि काय धूसर, हे मी ठरवते. आनंद त्यातच आहे.

पण मैत्रिणींनो, "जुन्या लेन्स स्वस्त मिळतात" म्हणून दहा जमवणं हा छंद नव्हे, परिग्रह आहे. कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, ती काचेवरचा लेपही खाते. एकच घ्या, वर्षभर तीच वापरा, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

आणि दुपारचा तो अर्धा तास आपला आहे. त्याचा हिशेब कुणाला देऊ नका.